दीपालीच्या फोनवरचं ‘हो’

दीपालीच्या तेराव्याचं जेवून मी दुपारच्या पाळीला गेले, खुर्चीत बसले, आणि समोरच्या पडद्यावर दिसलं की दीपालीनं आत्ताच ‘हो’ म्हटलंय.

मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. माझं माहेर भरे गावातलं, आणि तिथं आमचं घर स्मशानाच्या वाटेवरच आहे. गेलेली माणसं परत येत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी त्या दिवशी मी खुर्चीतून उठले. पाणी प्यायले, परत आले, पडदा पुसून बघितला. नाव तेच, वेळ ताजी.

आमची कंट्रोल रूम म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एक एसी, दोन पडदे, एक खुर्ची आणि मी, रेश्मा. आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचे वॉल इथून चालू-बंद होतात. दर खांबावर, दर वॉलपाशी एक पेटी बसवलीय आणि ती पेटी इंटरनेटला जोडलेली आहे. याला स्मार्ट म्हणायचं. आता पेटी इंटरनेटवर आली म्हणजे कोणीही सोम्यागोम्या तिच्यात हात घालू शकतो, नाहीतर आपलीच पेटी आणून ‘मीच ती’ म्हणू शकतो. म्हणून प्रत्येक पेटीच्या पोटात एक गुप्त आकडा ठेवलेला असतो. लाइट फार वेळ गेली, किंवा पेटी कुणी हलवली, की ती परत येताना आपलं नाव सांगते आणि आकडा दाखवते. पण तेवढ्यावर तिला कुणी आत घेत नाही. त्या भागासाठी नेमलेल्या माणसाच्या फोनवर प्रश्न जातो. ‘ही पेटी पुन्हा जोडायची आहे. तुम्हीच आहात ना?’ त्या माणसानं तिथवर जायचं, पेटीचं सील डोळ्यांनी बघायचं आणि मग ‘हो’ दाबायचं. सगळ्या कारभारातली शहाणपणाची गोष्ट मला विचाराल तर एवढी एकच.

जांबे गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या भागाला नेमलेली होती दीपाली. आयटीआय शिकलेली, अंगानं किडकिडीत, पण शिडी खांद्यावर घेऊन चालायला लागली की पुरुष माणसं बाजूला व्हायची. आणि कैलास तिचा नवरा, जांब्यात आमच्या शेजारचा.

कैलासची शेती आयटीच्या रेट्यात गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यानं भाड्याच्या खोल्या बांधल्या. दोन म्हशी ठेवल्या, भाडेकरूंना दूध घालायला लागला. दीपाली कामावर गेली की भाकरी हाच थापायचा. गाव चिडवायचं, “बायकू खांबावर आन नवरा चुलीवर.” त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हाच हसायचा. म्हणायचा, “खांबावर भाकर भाजत न्हाई, न्हाईतर मी बी चढलो असतो.” धार काढताना म्हशीशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस. त्याच्या तोंडाला कुलूप लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

एका सकाळी दीपाली डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. कैलासनं चहा करून आणला, तोवर ती गेलेली होती. डॉक्टरांनी मेंदूतली शीर फुटली असं सांगितलं. बस, एवढंच. अपघात नाही, आजारपण नाही, कुणावर राग धरावा असं काही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच कैलासला ते कुणाला सांगता येईना.

तो रडला नाही. बायकांनी गळ्यात पडून रडून घेतलं, तो त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला, जणू घर त्यांचं बुडालंय. दहाव्याला भटजी सांगतील ते करत गेला. लोक म्हणाले, रड रे बाबा, मोकळा हो. तो म्हणाला, “व्हय.” आणि म्हशींना पाणी दाखवायला गेला. खोलीतला बिहारी पोरगा गावाहून आला तेव्हा त्यानं दूध घेताना सहज विचारलं, भाभी दिसत नाहीत. कैलास त्याला म्हणाला, “काम पे गयी है.” मी तिथंच होते. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. हा चेहरा तसा नव्हता. त्यावर काहीच नव्हतं.

तर त्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाळीच्या आधी त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले.

“कैलास, दीपालीचा फोन कुटं हाय?”

“हाय की.” त्यानं शर्टाच्या खिशातून काढून दाखवला. पूर्ण चार्ज केलेला, काच पुसलेली.

“काल ‘हो’ तूच दाबलंस व्हय?”

“मग? वाजत हुता.”

मी डोक्याला हात लावला. मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं ते असं. दीपाली असतानाच ही सवय लागलेली. ती घाईत फोन चार्जिंगला विसरून जायची, मग खांबापाशी पोचली की कुणाच्या तरी फोनवरून कैलासला सांगायची, मी पेटीम्होरं हुबी हाय, तू ‘हो’ दाब. हा पिठाचा हात पुसून दाबायचा. नियमात ते बसत नव्हतं, पण त्या ‘हो’च्या पलीकडे दीपाली खरोखर उभी असायची, सील बघून. आता फोन वाजला, यानं दाबलं. पलीकडे कोण उभं आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही.

“आरं, पण ती न्हाई ना आता,” मी म्हणाले.

“आज्ज्याच्या नावानं लाइट बिल येतंच की अजून,” कैलास म्हणाला. “कुशाबा म्हणून. आमी भरतो. कुणाची काय तक्रार हाय?”

यावर हसावं की रडावं! पण त्याचं म्हणणं आमच्या मुलखाला धरून होतं. आमच्याकडे माणूस जातं, पण लाइट बिलावरून जात नाही. सातबाऱ्यावर पणजोबा असतो, बिलावर आजोबा, बँकेच्या पासबुकात कुणीतरी आत्या. वारस नोंद करायची म्हणजे तलाठ्याकडे खेटे, भाऊबंदांची तोंडं, त्यापेक्षा मेलेल्यालाच राहू देतात. सगळ्यांना ठाऊक असतं की तो नाही, आणि सगळ्यांचं भागतं. मी त्याला समजावलं, “बिल नुसतं येतं रे. बिल काय तुला इचारत न्हाई, तू कुशाबाच हायेस का म्हणून. ही पेटी इचारती.”

“व्हय,” कैलास म्हणाला.

“परत दाबू नगंस.”

“व्हय, ताई.”

मी त्याच दिवशी हे सगळं चालवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसला फोन केला, वर मेलही टाकला. दीपालीचं नाव काढा, नवीन माणूस नेमा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं. हे एक नवीन भिजत घोंगडं निघालंय. पूर्वी ‘बघू’ म्हणायचे, आता प्रोसेसमध्ये आहे म्हणतात. मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि ते तेच उत्तर देत राहिले.

आणि दीपाली ‘हो’ म्हणत राहिली.

आमच्या भागात लाइट जायची काही कमी नाही. लाइट गेली की खोल्यांमधली पोरं गॅलरीत येऊन शिव्या घालायची, कुणाची मीटिंग तुटलेली असायची, कुणाचा भात अर्धा शिजलेला. कैलास तेव्हा ओट्यावर येऊन बसायचा, फोन मांडीवर ठेवून. दिवसभर मान खाली घालून वावरणारा माणूस, पण लाइट गेली की जरा ताठ बसायचा. मग लाइट यायची, फोन वाजायचा. ‘दीपाली, ही पेटी पुन्हा जोडायची आहे. तुम्हीच आहात ना?’ तो ‘हो’ दाबायचा. फोन खिशात ठेवायचा. उठून कामाला लागायचा. मी एकदा समोर बसून हे सगळं बघितलं आणि उठून घरी गेले. जगात दीपालीला नावानं हाक मारून तिची वाट बघणारं ते एकच काहीतरी उरलं होतं, आणि ते हिसकावून घ्यायचं माझ्याच्यानं झालं नाही. खरंतर माझ्या हातात तसं काही नव्हतंही. फोन त्याचा, नाव तिचं, प्रोसेस ठेकेदाराची.

पावसाळा सरला. दिवाळी आली, कैलासनं आकाशकंदील लावला नाही आणि का लावला नाही हेही कुणाला सांगितलं नाही. साळूबाई, त्याची आई, माझ्याजवळ म्हणाली, “त्याच्या आंगात कुनी न्हाईच बग आता. जेवतुया, झोपतुया. दगुड बरा.” म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि वाल सोलायला घेतले.

मग उन्हं वाढायला लागल्यावर एक दिवस वाडीवरची पारू कंट्रोल रूममध्ये आली. वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची शेवटची वस्ती. तिथली माणसं मजुरीला जातात, रानातून करवंदं, सरपण आणून विकतात. आमच्या पाइपलाइनचं शेपूट तिथं संपतं. पारू दारातच उभी राहिली, चप्पल हातात घेऊन.

“बाय, नळाला पानी न्हाई. चार रोज झालं. वड्याला झरा खांदून भरतुया आमी.”

मी पडद्यावर बघितलं. वाडीचा वॉल उघडा, पाणी वाहतंय, हिरवा दिवा. “मावशी, पाणी चालू हाय तुमचं. हितं दिसतंय,” मी म्हणाले.

पारू पडद्याकडे बघत राहिली. “त्येच्यात असंल,” ती म्हणाली. “आमच्या नळाला न्हाई.”

या वेळी मी मेल टाकला नाही, ठेकेदाराला फोन करून खणखणीत बोलले. दुसऱ्या दिवशी साहिल आला. साहिल म्हणजे त्यांचा सुरक्षा बघणारा इंजिनीअर, पुण्यातला पोरगा, पाठीवर सॅक, बोलणं अर्धं इंग्रजीत. तो वाडीच्या वॉलपाशी गेला आणि तासाभरानं लालबुंद होऊन परत आला. वॉलवरची पेटी आमची नव्हतीच. दिसायला तशीच, पण सील बनावट. कुणीतरी खरी पेटी काढून तिच्यातला गुप्त आकडा उचलला होता, या दुसऱ्या पेटीत भरला होता. आकडा बरोबर, नाव बरोबर. ती आमच्या पडद्याला सांगत होती की पाणी वाडीला चाललंय, आणि पाणी जात होतं वरच्या अंगाच्या एका फार्महाऊसच्या टाकीत. जमिनीतून गुपचूप एक फाटा टाकलेला. फार्महाऊसचा मालक म्हणाला मला काही माहीत नाही, रखवालदार पळून गेला. पोलिसांत तक्रार झाली. पुढचं पुढं.

“आकडा कॉपी होऊ शकतो, म्हणूनच तर वर माणूस ठेवलाय ना!” साहिल ओरडत होता. “सील बघायला! अप्रूव्ह कोणी केलं हे?”

मी पडदा त्याच्याकडे वळवला. वाडीचा वॉल पुन्हा जोडला, ‘हो’ म्हणणारी व्यक्ती, दीपाली. तिला जाऊन तेव्हा कितीतरी महिने झाले होते. साहिलनं नाव वाचलं, मी त्याला सांगितलं, आणि तो खुर्चीत बसला. त्यानंतर माझे सगळे मेल त्याला दाखवले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यानं एकेक वाचला. पोरगा वाईट नव्हता.

कैलासला बोलावणं गेलं. त्याला सगळं सांगितलं. पेटी खोटी होती, तू ‘हो’ म्हणालास, म्हणून ती आत आली, वाडीला पाणी नाही. तो ऐकत होता. मला वाटलं आता तरी कोसळेल, किंवा भांडेल. तो म्हणाला, “ती गेली असती तर तिला कळलं असतं.” म्हणजे वॉलपाशी. तिथं जाऊन बघितलं असतं तर.

साहिलनं दोन वाटा सांगितल्या. दीपालीच्या फोनवरूनच सगळी जबाबदारी साहिलच्या नावावर करायची. त्यासाठी फोन शेवटचं एकदा विचारेल, तुम्हीच आहात ना, तिथं ‘हो’ दाबायचं. मिनिटभराचं काम, सगळ्या पेट्या साहिलला ओळखायला लागतील. दुसरी वाट फार वाईट. ‘नाही’ दाबलं, किंवा वरून तिचं नाव तोडलं, तर फोन कायमचा बाद होणार आणि या भागातली प्रत्येक पेटी अनोळखी होणार. मग एकेका खांबापाशी, एकेका वॉलपाशी माणसानं जाऊन पहिल्यापासून ओळख करून द्यायची.

“म्हणजे मेलेल्या बाईच्या नावानं ‘हो’ म्हटलं म्हणून सकाळपासून ओरडतोयस,” मी म्हणाले, “आणि आता तूच म्हणतोस, अजून एकदा म्हणा.”

“ताई, प्रॅक्टिकल बघा ना,” साहिल म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले.

वाडीच्या वॉलवर खरी पेटी बसवायची होती, म्हणून हे काम तिथंच करायचं ठरलं. फार्महाऊसचा फाटा तोडून झाला होता. आम्ही तिघं गेलो. कैलास पुढं चालत होता. दीपालीसोबत तो इथवर कधी आला नव्हता, मागून वाट मीच सांगत होते. वॉलपाशी पारू बसली होती, शेजारी रिकामे हंडे. अजून दोन-चार बायका, पोरं. ऊन मी म्हणत होतं.

साहिलनं नवीन पेटी बसवली, सील लावलं, लॅपटॉप मांडीवर घेतला. “दादा, आता फोनवर येईल. तुम्ही फक्त ‘हो’ दाबा.”

फोन वाजला. कैलासनं तो खिशातून काढला, नेहमीसारखा तळहातावर धरला. मी बाजूनं वाचलं. ‘दीपाली, यापुढे ही यंत्रं तुम्हाला विचारणार नाहीत. ही मागणी करणाऱ्या तुम्हीच आहात ना?’ खाली दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’.

कैलासचा अंगठा वर आला आणि थांबला.

पारू उठून जवळ आली. तिला वाचता येत नाही. “काय इचारतुया त्यो फोन?” तिनं विचारलं.

“दीपाली हाय का, इचारतुया,” कैलास म्हणाला.

“शिडीवाली दीपाली? मंग?” पारू म्हणाली. “हाय का?”

साहिल लॅपटॉपकडे बघत म्हणाला, “दादा, दाबा पटकन, वेळ संपेल.”

कैलास पारूकडे बघत होता. गावातल्या कुणीच त्याला हे विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं ना. आणि फोन विचारायचा, पण फोनला तोंड नव्हतं. ही बाई रिकाम्या हंड्यांपाशी उभी राहून खरंच विचारत होती, कारण तिला खरंच माहीत नव्हतं.

“न्हाई,” कैलास म्हणाला.

आणि त्यानं अंगठा ‘नाही’वर ठेवला.

“अरे यार!” साहिल उठूनच उभा राहिला. लॅपटॉपवरचे हिरवे ठिपके लाल होत चालले होते, जांबे गावापासून डोंगरापर्यंत, सगळे. कैलासच्या हातातल्या फोनवर पांढरा पडदा आला आणि राहिला. नाव गेलं. कैलासनं तो बंद केला आणि साहिलला म्हणाला, “सायेब, येतो मी तुमच्यासंगं. एकेक पेटी दाखवत जावा. म्होरं हुबं ऱ्हाऊन सांगू.” मग त्यानं साहिलच्या सॅकजवळचा पाना उचलला, खड्ड्यात उतरला आणि वॉल हातानं फिरवायला लागला. वॉल घट्ट बसला होता. त्याला सगळं अंग टाकावं लागलं. वस्तीतून एक पोर ओरडलं, आलं, आलं. बायका हंडे घेऊन पळाल्या.

पारू गेली नाही. ती खड्ड्याच्या काठावर बसली.

“वारली व्हय रं?”

“व्हय.” हा शब्द मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकला असेल, पण त्या वेळी तो अर्ध्यातच फुटला. पाना हातातून सुटला. कैलास त्या ओल्या खड्ड्यात मातीत बसला, दोन्ही हात वॉलवर ठेवून, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला रडू आवरेना, मी तोंड फिरवलं. साहिलनं लॅपटॉप मिटून ठेवला.

“आन आमाला कुनी सांगितलं बी न्हाई,” पारू म्हणाली. “समदी वाडी मातीला आली असती लेकरा.”

कैलासनं मान वर केली. तोंड चिखलानं आणि पाण्यानं माखलेलं.

“मला बी आत्ताच कळलं, मावशी,” तो म्हणाला.